पाहुणे चढतात तो दिवस: लहान क्रूझवर नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

हॉटेल मॅनेजमेंट करून क्रूझकडे वळणारी मुलं-मुली भेटली की पगार किती, कॉन्ट्रॅक्ट किती महिन्यांचं आणि समुद्र लागतो का, एवढंच विचारतात. पहिला दिवस कसा जातो हे फारसं कुणी विचारत नाही. लहान जहाजावर खरी तारांबळ मात्र त्याच दिवशी उडते, कारण तुम्ही रुजू होता तो दिवस आणि नवे पाहुणे चढतात तो दिवस बहुधा एकच असतो. सकाळी जुने पाहुणे उतरतात, त्यांच्यामागोमाग कॉन्ट्रॅक्ट संपलेला क्रू उतरतो, दुपारी नवे पाहुणे येतात आणि संध्याकाळी जहाज सुटतं. मधल्या काही तासांत जहाजावर तुम्हीच सगळ्यात नवखे असता आणि पाहुण्यांसमोर यजमान म्हणूनही तुम्हालाच उभं राहायचं असतं.

मी गेस्ट सर्व्हिसेसमध्ये काम करते. साध्या भाषेत, रिसेप्शन. लहान जहाज म्हणजे शंभर-दोनशे पाहुण्यांचं. मुंबईहून गोव्याला, लक्षद्वीपला जाणारं 'एम्प्रेस' तुम्ही पाहिलं असेल. ते दीड हजाराहून जास्त माणसांचं, त्याचा कारभार वेगळा. मी इथे मुंबईचा धक्का धरून लिहिते आहे. बाकीच्या बंदरांत गेटांची नावं बदलतात, दिवसाचा क्रम साधारण हाच राहतो.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. इंडॉस नंबर (खलाशांच्या राष्ट्रीय नोंदणीतला तुमचा क्रमांक), सीडीसी (खलाशाचं ओळख आणि नोकरीच्या नोंदींचं सरकारी पुस्तक), एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांतले, मूलभूत कोर्स (पाण्यात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षा आणि जबाबदाऱ्या), सुरक्षा कर्तव्यांचा कोर्स, प्रवासी जहाजासाठी लागणारं क्राउड मॅनेजमेंट, मान्यताप्राप्त डॉक्टरचं मेडिकल आणि जहाज जिथे जाणार तिथले व्हिसा. अमेरिकेची बंदरं असतील तर सी-वन/डी, म्हणजे क्रूसाठीचा व्हिसा. नोकरी देणाऱ्या एजन्सीकडे आरपीएसएल (खलाशांची भरती करण्याचा सरकारी परवाना) आहे का, हे नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला कायद्याने बंदी आहे. त्यामुळे कुणी 'प्रोसेसिंग'च्या नावाखाली लाखभर मागितले तर तिथूनच उठा. तो माणूस तुमच्या मामांच्या कितीही ओळखीचा असला तरी.

हे सगळे मूळ कागद हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत नाही. मोठी बॅग तुमच्याबरोबर चढेलच असं नाही. आणि मोठी बॅगही कडक सुटकेस नको, घडी होणारी डफल आणा. क्रू केबिनमध्ये दोन बंक, दोन अरुंद कपाटं आणि एक न्हाणीघर. रिकामी सुटकेस ठेवायची कुठे, यावरून केबिनमेटशी पहिल्याच रात्री वाद नको.

आता गेट. क्रूझचं टर्मिनल बॅलार्ड पिअरला आहे. बंदराच्या हद्दीत शिरताना सीआयएसएफचे जवान पास आणि ओळखपत्र बघतात, यादीत नाव नसेल तर आत सोडत नाहीत. त्यामुळे आई-बाबा, काका, शेजारचे वगैरे निरोपाला येणार असतील तर निरोप बाहेरच होणार. खरं तर घरीच उरकलेला बरा. पी. डिमेलो रोडवर टॅक्सी उभी करून औक्षण करणारी मंडळी मी पाहिली आहेत. मागचे ट्रकवाले जे काय बोलतात ते शुभप्रसंगी ऐकण्यासारखं नसतं.

चढल्यावर सामान एक्स-रेमधून जातं, फोटो काढला जातो, मग पर्सर (जहाजाचे हिशेब आणि कागद बघणारा अधिकारी) किंवा क्रूचं काम बघणारा माणूस तुमचा पासपोर्ट, सीडीसी आणि मेडिकल ताब्यात घेतो. पासपोर्ट घेतला म्हणून घाबरू नका. बंदरातल्या कामकाजासाठी ते एकत्र लागतात आणि तुमच्या नावासमोर तशी नोंद होते. बदल्यात किल्ली, ओळखपत्र आणि एक छोटं कार्ड मिळतं. त्या कार्डावर तुमचा इमर्जन्सी नंबर, मस्टर स्टेशन (आणीबाणीत जमायची जागा) आणि आणीबाणीत तुमचं काम लिहिलेलं असतं. मग एखादा अधिकारी तुम्हाला जहाजभर फिरवतो. ही फेरी नियमाने बंधनकारक आहे. ती झाल्याशिवाय कामाला लावत नाहीत, लावू नये.

त्या फेरीत अक्षरशः शंभर गोष्टी सांगितल्या जातात. सगळ्या लक्षात राहत नाहीत आणि राहायचीही गरज नाही. कॉफी मशीन कुठे, लॉन्ड्री कधी, स्टाफ मेसमध्ये भात किती वाजता, हे आठवड्याभरात आपोआप कळतं. पहिल्या दिवशी तीनच गोष्टी पाठ करा. स्वतःच्या केबिनपासून मस्टर स्टेशनपर्यंतची वाट, तीही एक जिना बंद असेल तर दुसरी कुठली यासकट. तुमच्या स्टेशनवर कुठल्या केबिनचे पाहुणे येतात ते. आणि केबिनच्या क्रमांकांची रीत. बहुतेक जहाजांवर पहिला आकडा डेकचा असतो आणि विषम एका बाजूला, सम दुसऱ्या बाजूला असतात. कुठले कुठल्या बाजूला ते तुमच्या जहाजावर बघून घ्या. दुपारी दर तीन मिनिटांनी कुणी ना कुणी तुम्हाला 'माझी केबिन कुठे?' विचारणार आहे. 'मीही आजच आलेय' हे उत्तर खरं असलं तरी चालत नाही.

सकाळी नऊ ते दुपारी एक जहाजाची अवस्था लग्नघराच्या मागच्या दारासारखी असते. पाहुण्यांना हा भाग कधीच दिसत नाही. मोठ्या जहाजाला पोटात वेगवेगळे दरवाजे असतात, माणसं एकीकडून आणि माल दुसरीकडून. लहान जहाजाला बऱ्याचदा एकच गँगवे, म्हणजे धक्क्यावरून जहाजावर ये-जा करायची शिडीवजा वाट. त्यावरूनच उतरणाऱ्यांच्या बॅगा, चढणारी भाजी, दूध-अंडी, फुलं, धुतलेले टॉवेल, परत जाणारे रिकामे क्रेट, कचऱ्याच्या पिशव्या, इमिग्रेशन आणि कस्टमचे अधिकारी, बंदरात जहाजाची कामं बघणाऱ्या एजंटची माणसं. म्हणून गँगवेचं वेळापत्रक ठरलेलं असतं आणि बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) ते मोडू देत नाही. भाजीचा टेम्पो फ्रीवेवर अडकला तर पुढचं सगळं सरकतं आणि मग रिसेप्शनपासून बारपर्यंत ज्याचे हात मोकळे त्याने क्रेट उचलायचे. 'हे माझं काम नाही' हे वाक्य लहान जहाजावर टिकत नाही. मी स्वतः ब्लेझर काढून ठेवून कोथिंबिरीच्या जुड्या आत नेल्या आहेत आणि अर्ध्या तासाने तोच ब्लेझर घालून दारात उभी राहिले आहे.

मुंबईत गँगवेची आणखी एक गंमत आहे. इथे उधाणाच्या दिवसांत भरती-सुकतीत पाण्याची पातळी चार मीटरहून जास्त बदलते. जहाज पाण्याबरोबर वर-खाली होतं, धक्का जागेवरच राहतो. लहान जहाजाची बाजू आधीच बुटकी. त्यामुळे भरतीला पाहुणा वर चढतो आणि सुकतीला तोच गँगवे खाली उतरत जहाजावर जातो. सत्तरी ओलांडलेल्या, गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला हा फरक फार मोठा. म्हणून सकाळीच त्या दिवसाची भरतीची वेळ बघून ठेवायची आणि पाहुण्यांच्या यादीत काठी किंवा व्हीलचेअर लिहिलेली नावं कुठल्या वेळेला येताहेत ते जुळवायचं. उतार तीव्र असेल तर खलाशी पुढे आणि मागे उभे राहतात. हात धरायचा तर पंजा नाही, मनगटाच्या वर धरायचा, आणि पाहुण्यानेही तुमचं मनगट धरायचं. घामेजलेला पंजा सुटतो, अशी पकड सहसा सुटत नाही. पुढे कधी पाहुण्यांना रबरी झोडियाक बोटींतून किनाऱ्यावर नेणाऱ्या जहाजावर गेलात तर तिथेही हीच पकड शिकवतात.

पाहुणे दुपारी दोननंतर यायला लागतात. छापील वेळ तीन असली तरी दोनलाच येतात. परदेशी पाहुण्यांपैकी बरेच जण पहाटेच्या विमानाने सहारला उतरलेले असतात. हॉटेलची खोली मिळालेली नसते, मधल्या वेळात गाइडने गेटवे, सीएसएमटी आणि धोबीघाट दाखवलेला असतो, आणि उन्हाने चेहरा लाल झालेला असतो. अशा माणसाला तुम्ही जहाजाचा इतिहास, वायफायचे दर आणि स्पाची सवलत सांगायला लागलात की तो नुसती मान डोलावतो. त्याला हवं असतं थंड पाणी, टॉयलेट, बसायला खुर्ची आणि आपली बॅग कुठे आहे याचं उत्तर. बस. या चार गोष्टी पहिल्या दहा मिनिटांत झाल्या की पुढच्या चुका पाहुणे आनंदाने माफ करतात. नाव बरोबर उच्चारलंत तर आणखी. यादी आदल्या रात्रीच मिळते. अवघड आडनावं मोठ्याने म्हणून बघा.

चेक-इनला पासपोर्ट, फोटो, खर्चासाठी कार्ड आणि आरोग्याचा फॉर्म. गेल्या काही दिवसांत उलट्या, जुलाब, ताप होता का, असं त्यात विचारलेलं असतं. पाहुणे न वाचता सगळीकडे 'नाही' करतात. तुम्ही मात्र हसतमुखाने तोंडी विचारा. नोरोव्हायरस (उलट्या-जुलाबांचा विषाणू) एकदा लहान जहाजात शिरला की सगळे एकाच डायनिंग रूममध्ये जेवणारे, पसरायला वेळ लागत नाही. आणि त्याच्यावर सॅनिटायझरचा फारसा भरवसा नाही, साबण आणि वाहतं पाणीच हवं. म्हणून जेवणघराच्या दाराशी बेसिन असेल तर पाहुण्यांना तिकडेच वळवा.

ट्रेकिंग करणाऱ्या पाहुण्यांकडे कधी सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र असतं. भारतात परवानगीशिवाय ते बाळगणं बेकायदा आहे आणि बिचाऱ्यांना हे माहीतच नसतं. असं काही दिसलं तर स्वतः शहाणपण न करता लगेच वरिष्ठांना सांगा.

आता मस्टर ड्रिल, म्हणजे आणीबाणीत जमायची कवायत. दिवसभरात बाकी सगळं मागेपुढे झालेलं चालतं, हे चालत नाही. पूर्वी प्रवाशांची कवायत चढल्यापासून चोवीस तासांत घेतली तरी नियमात बसायची. 13 जानेवारी 2012 च्या रात्री कोस्टा कॉनकॉर्डिया इटलीत खडकाला लागलं, तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत झालीच नव्हती. 32 माणसं गेली. 1 जानेवारी 2015 पासून नियम बदलला: जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच लगेच. आपल्याकडे तर हे सांगायला इटलीला जायची गरज नाही. 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. गिरगाव-परळच्या कितीतरी घरांत तिच्या आठवणी अजून निघतात.

सात किंवा जास्त लहान भोंगे आणि एक लांब, ही स्टेशनवर जमायची खूण. पाहुणे येतात ते हातात ग्लास घेऊन, फोनवर शूटिंग करत, 'आम्ही वीस क्रूझ केल्यात' म्हणत. तुमचं काम हजेरी. कुणी नसेल तर 'येतीलच' असं म्हणून यादीत खूण करायची नाही. केबिनमध्ये माणूस पाठवायचा, न्हाणीघरसुद्धा बघायचं. लाइफ जॅकेट स्वतः घालून दाखवताना पट्टा खरोखर घट्ट ओढा. तुम्ही सैल ठेवलात की समोरचे पन्नास जण सैल ठेवतात. आणि आवाज चढवू नका, हळू आणि स्पष्ट बोला. परदेशी पाहुण्यांना आपलं इंग्रजी भरभर असलं की कळत नाही.

ड्रिल संपलं की पायलट (जहाजाला बंदराबाहेरची वाट दाखवणारा) चढतो, दोर सुटतात आणि तुम्हाला वाटतं आता सुटलो. नाही. सगळे पाहुणे डेकवर जमतात आणि प्रश्न सुरू होतात. ही काही मिनिटं मराठी माणसाच्या हातातली आहेत, वाया घालवू नका. कुलाब्याच्या टोकाशी प्रॉन्ग्जचं दीपगृह, 1875 मधलं. पुढे दक्षिणेला खांदेरी: शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये तटबंदी सुरू केलेली, आता कान्होजी आंग्रे बेट म्हणून नोंदलेली आणि 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलेली. वाटेत काय दिसेल ते उजेडावर आणि मार्गावर अवलंबून, पण सांगायला एवढं तयार ठेवा. एक्सपिडिशन टीममधला (पाहुण्यांना निसर्ग आणि ठिकाणांची माहिती देणाऱ्या चमूतला) परदेशी तज्ज्ञ पक्ष्यांबद्दल छान बोलेल. ताज आणि गेटवेच्या मागे काय आहे ते तुम्हीच सांगू शकता.

या धावपळीत स्वतःच्या पोटाचं बघा. माझ्या पहिल्या जहाजावर हाउसकीपिंगमध्ये वेंगुर्ल्याच्या एक मावशी होत्या. मी जेवण टाळून टॅग चिकटवत बसले होते, तर हातातून टॅग काढून घेत म्हणाल्या, "आधी जेवन घे गो, मगे धाव. रिकाम्या पोटार दर्या लागता." अगदी खरं. मुंबईचं बंदर ओलांडून मोकळ्या समुद्रात आलं की लहान जहाज मोठ्यापेक्षा जास्त हलतं, आणि पहिल्या रात्री उपाशी, थकलेल्या माणसाला ते सगळ्यात आधी जाणवतं. कोरडं काहीतरी खा, आल्याचा तुकडा खिशात ठेवा, गोळी घ्यायची तर जहाजाच्या डॉक्टरला विचारून आणि त्रास सुरू होण्याआधी घ्या.

जेवणाच्या वेळी बहुधा एखादी बॅग हरवलेली निघते. पंचाण्णव टक्के वेळा ती जहाजावरच असते, टॅगवरचा आकडा चुकीचा वाचून शेजारच्या नाहीतर समोरच्या केबिनमध्ये गेलेली. विमान कंपनीला फोन करण्याआधी तिथे बघा. खरंच मागे राहिली असेल तर एजंटला लगेच कळवा, पुढच्या बंदरावर ती गाठता येते. तोवर पाहुण्याला टूथब्रश, स्वच्छ टी-शर्ट आणि फुकट लॉन्ड्री, हे न मागता द्या.

रात्री डेस्क दुसऱ्याकडे सोपवताना तोंडी नाही, लिहून सोपवा: कोण आजारी, कुणाला अॅलर्जी, कुणाची बॅग. मग विश्रांतीच्या तासांचा तक्ता भरा. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती, तीही फार तर दोन तुकड्यांत आणि त्यातला एक सलग सहा तासांचा. आठवड्याला किमान सत्याहत्तर तास. पाहुणे चढण्याच्या दिवशी हा हिशेब जुळवताना ओढाताण होते आणि 'सगळे असंच भरतात' म्हणणारा कुणीतरी भेटतो. झाले तेवढेच तास लिहा. कमी पडले असतील तर दुसऱ्या दिवशी उशिरा बोलावणं हे तुमच्या हेडचं काम आहे, आणि तक्त्यात दिसलं तरच तो ते करतो.