बाळंतपणाची बॅग: भरते एक, उघडतो दुसराच

पहाटे अडीचला सिस्टरांनी लेबर रूमच्या दारातून हाक दिली, "बाळाचं दुपटं आणा!" नवरा पुण्याहून निघून शिरवळच्या आसपास पोचलेला, आई आत माझ्याजवळ. बाहेर फक्त माझा धाकटा भाऊ. त्याने बॅग उपसली आणि धावत जाऊन माझा बांधणीचा दुपट्टा सिस्टरांच्या हातात ठेवला. माझी लेक जगात आली ती निळ्या बांधणीत.

त्या बॅगेत दुपटी सहा होती. मीच भरलेली, मलाच माहीत. आणि मी त्या वेळी टेबलावर!

आता धाकट्या बहिणीची बॅग भरायला घेतली तेव्हा पहिला नियम हाच केला: ही बॅग आपल्यासाठी भरायची नाही. ज्याला झबलं आणि टोपडं यातला फरक कळत नाही, अशा माणसासाठी भरायची.

त्यासाठी काही विकत आणावं लागत नाही. कपाटात साड्यांच्या चेनवाल्या पारदर्शक पिशव्या असतात, त्यातल्या चार रिकाम्या करा. प्रत्येकीवर कागद चिकटवून मोठ्या अक्षरात लिहा: "कागद", "आत न्यायचं", "बाळ", "वॉर्ड". बाळाच्या पिशवीतही एका वेळी लागणारा जोड एकत्र गुंडाळून ठेवा. एक दुपटं, त्यात एक झबलं, एक टोपडं, एक लंगोट, वर रबरबँड. सिस्टरांनी काहीही मागितलं तरी एक गुंडाळी द्यायची, एवढंच बाहेरच्याला सांगायचं. असे तीन संच करा. बाकीचे लंगोट सुटे.

लंगोट किती? माझं बाळंतपण जुलैतलं, कऱ्हाडचं. पावसाची झड लागलेली, वॉर्डात दोरीवर टाकलेलं दुसऱ्या दिवशीही दमटच. डझनभर लंगोट दुपारीच संपले. पावसाळ्यात दोन डझन घ्या, उन्हाळ्यात निम्म्यात भागतं. डायपर वापरणार असाल तरी थोडे जुने, मऊ लंगोट हवेतच. पहिली शी काळी, डांबरासारखी चिकट असते. नवंकोरं कापड त्यात घालवू नका.

आमच्याकडे बाळ होण्याआधी नवे कपडे आणत नाहीत. सासूबाईंशी यावर वाद घालायची ताकद नवव्या महिन्यात नसते, आणि गरजही नसते. आजीच्या जुन्या सुती लुगड्याची दुपटी, भाचरांची वापरलेली झबली हेच बाळाच्या कातडीला जास्त सोसतं. फक्त धुऊन, कडक उन्हात वाळवून घ्या. कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांचा वास असलेलं काही बाळाला घालू नका.

आता "आत न्यायचं". यात पुढून उघडणारे दोन गाऊन (पाजायला सोपं पडतं), मोठे सॅनिटरी पॅड, गडद रंगाच्या जुन्या सैल चड्ड्या पाच-सहा, केसांचं रबर, पाण्याची बाटली. सिझरचा टाका बेंबीखाली येतो, त्यामुळे चड्डी कमरेच्या वर चढणारी घ्या. घट्ट इलॅस्टिक तिथे घासलं की डोळ्यांत पाणी येतं. एक रिकामी डबीही ठेवा. ऑपरेशनला नेताना मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी सगळं उतरवायला लावतात आणि ते कुणाच्या तरी शर्टच्या खिशात जातं. नेलपॉलिश घरूनच काढून जा. बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावतात, त्याला ते आड येऊ शकतं.

कागदांच्या पिशवीत फाईल, सगळ्या सोनोग्राफी, रक्त-लघवीचे रिपोर्ट, माता-बाल संरक्षण कार्ड, दोघांची आधार कार्डं आणि झेरॉक्स, विम्याचं कार्ड, सुट्टे पैसे. सरकारी योजनेचे पैसे मिळणार असतील तर पासबुकाची झेरॉक्स. रक्तगट फाईलच्या वरच लाल पेनाने लिहा. तुमचा निगेटिव्ह असेल तर बाळाचा तपासून, तो पॉझिटिव्ह निघाल्यास तुम्हाला ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन द्यावं लागतं. हे बाहेर उभ्या असलेल्या माणसालाही माहीत हवं.

आणि एका चिठ्ठीवर आई-बापाची पूर्ण नावं, आधारवर आहेत तशीच, मराठीत आणि इंग्रजीत. माझी फाईल माहेरच्या आडनावाने निघालेली, आधार सासरच्या. जन्माच्या नोंदीत माहेरचंच आडनाव गेलं आणि ते बदलायला मी कडेवर मूल घेऊन तीन खेटे घातले. नोंद २१ दिवसांत व्हायची असते. हॉस्पिटलवाले फॉर्म भरतात तेव्हा तो वाचून मगच सही करा.

वॉर्डच्या पिशवीत थर्मास, वाटी-चमचा, ताट, टॉवेल, घसरणार नाही अशी चप्पल, कानाला बांधायला स्कार्फ, लांब वायरचा चार्जर. सोबत राहणाऱ्या बाईसाठी चादर आणि तिच्या रोजच्या गोळ्या. माझ्या आईच्या बीपीच्या गोळ्या घरी राहिल्या, त्याचा ताप वेगळाच झाला. डिंकाचे लाडू मात्र घरी राहू देत. सिझरनंतर काय खायचं आणि कधी, ते डॉक्टरच सांगतात.

मध, गुटी, काजळ, पावडर, दुधाची बाटली यातलं काहीही भरू नका. कुणी मायेने कोपऱ्यात सरकवलं तर काढून ठेवा. मध वर्षाच्या आतल्या बाळाला धोक्याचा असतो. बाळाला पहिल्या तासात चीक मिळाला पाहिजे. तो पिवळा, घट्ट आणि थोडासाच येतो, म्हणून "दूधच नाही" असं म्हणणारी एक तरी मावशी वॉर्डात भेटतेच.

३७ आठवड्यांनंतर कधीही निघावं लागेल असं धरून ३४-३५ व्या आठवड्यात बॅग दाराजवळ ठेवा. पलंगाखाली नको. वर एक जुनी चादर आणि मेणकापड: वाटेत पाणी गेलं तर सीटवर घालायला. पाणी गेलं की पॅड लावून थेट निघायचं, कळांची वाट पाहायची नाही. हिरवट दिसलं तर तसं पोचल्या पोचल्या सांगायचं. गाडी नसेल तर १०८ किंवा १०२, दोन्ही नंबर बॅगेच्या चेनला बांधलेल्या पुठ्ठ्यावर लिहा.

शेवटचं काम परीक्षेचं. परवा बहीण आतल्या खोलीत बसली आणि मी मेहुण्यांना म्हटलं, "भावजी, दुपटं आणा." मिनिटभरात ते "बाळ" लिहिलेली पिशवी उघडून गुंडाळी घेऊन आले. मग म्हटलं, "आता टोपडं." त्यांनी तीच गुंडाळी पुन्हा पुढे केली.