टोटल लॉस झालेली गाडी परत घ्यायची का? माझा अनुभव

तुळजापूर रोडला माझी वॅगनआर ठोकली, दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांच्या वर गेला म्हणून विमा कंपनीनं टोटल लॉस धरली, म्हणजे दुरुस्ती नाही, गाडीचे पैसेच द्यायचे. आयडीव्ही २ लाख ८०, ठोकलेल्या गाडीला भंगाराची बोली ७० हजार, म्हणजे गाडी आपण ठेवली तर क्लेममधनं तेवढे कट, वर क्लेममध्ये आपणच सोसायचे सक्तीचे हजार रुपये वेगळे. गाडी वडलांनी घेतलेली, म्हणून जीव अडकलेला.

मग अक्कलकोट रोडच्या मिस्त्रीला नेऊन दाखवली, जुने पार्ट टाकून १ लाख ३५ म्हणाला, पण खाली वाकून बघितलं तर पुढची चासी वाकलेली अन् दाराचा पिलर दबलेला, तिथंच ठरलं, पोरं बसतात हो गाडीत! सोडून दिली. मात्र आरसी (गाडीची नोंदणी) रद्द झाल्याचा कागद आरटीओतनं घेतलाच, नाहीतर आपल्या चासी नंबरवर चोरीची गाडी फिरू शकते.