कॉम्प्रेसरची हवा रात्रभरात उतरते? टाकीचा तळ तपासा

घरच्या वर्कशॉपमधला जुना कॉम्प्रेसर. संध्याकाळी ८ किलोवर (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ८ किलो दाब) असलेला काटा सकाळी २ वर, आणि ड्रेन कॉकमधून, म्हणजे टाकीतलं पाणी सोडायच्या तळाच्या तोटीतून, तांबडं पाणी. जोडांना टेफ्लॉन टेप लावली, एनआरव्ही (हवा उलटी जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) बदलला, फरक शून्य. वैताग आला होता.

शेवटी २ किलो दाबावरच तळाला साबणाचं पाणी फासलं. पायाच्या पट्टीच्या वेल्डिंगलगत बारीक बुडबुड्यांची माळ दिसली. गंज आतून आलेला. इथे एम-सील किंवा वेल्डिंग अजिबात नको: भोक टाचणीएवढं असलं तरी भोवतालचा पत्राही खंगलेला असतो, आणि असा पत्रा दाबाखाली एकदम फाटतो.

मग टाकीच बदलायचं ठरवलं. विजेचा प्लग काढला, सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून काटा शून्यावर आणला, ड्रेन उघडला आणि नंतरच पंप-मोटर उतरवली. नवी टाकी पाण्याने काठोकाठ भरून, आतली हवा पूर्ण काढून, हातपंपाने १२ किलोपर्यंत तपासून घेतली. पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही, म्हणून टाकी फुटली तरी हवेसारखा स्फोट होत नाही. पंप चढवला, सेफ्टी व्हॉल्व्हही नवा बसवला. रात्रभर ठेवून पाहिलं, काटा हलला नाही.

आता काम संपलं की रोज ड्रेन उघडतो. जुनी टाकी ड्रिलने मोठं भोक पाडूनच भंगारात दिली, म्हणजे ती कुणी पुन्हा वापरणार नाही.