सायटोक्रोम-सी बनवताना आणि वाचताना या चुका टाळा

जीवाणूंच्या सायटोक्रोम-सीमध्ये (इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या प्रथिनात) हीम, म्हणजे मधोमध लोह असलेला रंगीत कडीसारखा रेणू, नुसतं खाचेत बसलेलं नसतं. ‘सिस्टीन, कोणतीही दोन अमिनो आम्लं, सिस्टीन, हिस्टिडीन’ या क्रमातली दोन्ही सिस्टीन हीमच्या व्हिनाइल गटांना थायोईथर बंधांनी पक्की जोडली जातात आणि हिस्टिडीन लोहाला एका बाजूने धरतं. ही जोडणी पेशीद्रवात होत नाही, पेरिप्लाझममध्ये, म्हणजे जीवाणूच्या आतल्या आणि बाहेरच्या पडद्यांमधल्या जागेत होते. त्यामुळे सिग्नल पेप्टाइड (प्रथिनाला तिथे पाठवणारा सुरुवातीचा तुकडा) कापून टाकलेलं जनुक ई. कोलायमध्ये घातलं, तर बाकी कितीही मेहनत करा, उपयोग नाही.

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो सीसीएम जनुकांपायी. हीम जोडणारी ही यंत्रणा ई. कोलाय हवेशीर वाढीत चालवत नाही, म्हणून ती जनुकं असलेलं पीईसी८६ हे प्लाझ्मिड (छोटं गोल डीएनए) सोबत द्यावं लागतं. इथे नेहमीचा घोटाळा असा: फ्रीझरमध्ये बीएल२१(डीई३) पीलायसएस पेशी (पीलायसएस हे प्लाझ्मिड आधीच असलेला ई. कोलायचा वाण) तयार असतात, त्याच वापरल्या जातात. पीलायसएस आणि पीईसी८६ दोन्ही पीएसीवायसी१८४ या प्लाझ्मिडवरून बनलेली. ओरिजिन (प्लाझ्मिडची प्रत जिथून सुरू होते ती जागा) तेच, म्हणून दोन्ही एका पेशीत नीट टिकत नाहीत; क्लोरॅम्फेनिकॉलचा प्रतिकारही तोच. प्लेटवर वसाहती झकास येतात, पण त्या पीलायसएसच्या जोरावर; पीईसी८६ आत आहे की नाही हे ती प्लेट सांगूच शकत नाही. मग तापमान बदल, माध्यम बदल, प्रायमर पुन्हा मागव, यात महिने जातात. खरं उत्तर सेंट्रिफ्यूजच्या बाटलीत पहिल्याच दिवशी असतं. बाटली उजेडाकडे तिरकी धरा. तळाशी बसलेला पेशींचा गोळा गुलाबी किंवा विटकरी दिसला तर पुढे जा. पांढरट-पिवळा असेल तर शुद्धीकरणाला हातच लावू नका, आधी होस्ट (प्रथिन बनवणारा जीवाणूचा वाण) बदला: साधा बीएल२१(डीई३) किंवा सी४३(डीई३).

आयपीटीजी (जनुक चालू करणारं रसायन) १ मिलिमोलर घालणं ही दुसरी घाई. प्रथिन पडद्यापार नेणारी वाट तुंबते आणि सिग्नल पेप्टाइड न कापलेलं, हीम नसलेलं प्रथिन साचतं. १० ते २० मायक्रोमोलर, ३० अंश आणि रात्रभर सावकाश वाढ. उत्पादन कमी वाटेल, पण जे मिळेल त्यात हीम असेल.

हिस्टिडीन टॅग (शुद्धीकरणासाठी जोडलेली हिस्टिडीनची साखळी) एन-टोकाला (प्रथिनाच्या सुरुवातीला), सिग्नल पेप्टाइडच्या आधी लावू नका. पेप्टाइडबरोबर तोही कापला जातो.

हीम-रंजनाच्या जेलसाठी (हीम असलेले पट्टे रंगवून दाखवणाऱ्या जेलसाठी) नमुन्यात डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथेनॉल ही क्षपणकारक रसायनं नकोत.

फक्त २८० नॅनोमीटरवरून सांद्रता काढू नका, हीमही तिथे प्रकाश शोषतं. पिरिडीन हीमोक्रोम (पिरिडीन घालून हीमचा प्रकार आणि प्रमाण वर्णपटावरून मोजणारी चाचणी) करा, फ्यूम हूडखाली. सी-प्रकाराच्या हीमचं शिखर ५५० नॅनोमीटरला, बंधाने न जोडलेल्या बी-प्रकाराचं ५५६ च्या आसपास. शिखर ५५३ ला आलं तर एकच थायोईथर बंध तयार झाल्याची शंका घ्या. हीमचं क्षपण करणारं (त्याला इलेक्ट्रॉन देणारं) डायथायोनाइट ताजं हवं. जुन्या भुकटीने अर्धवट क्षपण झालं की शिखर बुटकं येतं आणि दोष प्रथिनाला दिला जातो.

वर्णपट वाचताना इमिडाझोल हमखास फसवतं. निकेल कॉलमवरून २५० मिलिमोलर इमिडाझोलने उतरवलेलं प्रथिन तसंच क्युवेटमध्ये जातं. इमिडाझोल लोहाला धरून, त्याला दुसऱ्या बाजूने धरणाऱ्या मेथिओनिनला बाजूला सारू शकतं. मग ऑक्सिडाइज्ड लोह आणि मेथिओनिन यांच्या बंधाची खूण असलेला ६९५ नॅनोमीटरचा पट्टा नाहीसा होतो आणि वहीत नोंद होते, ‘म्युटेशनमुळे लिगँड (लोहाला धरणारा गट) सुटला’. इमिडाझोल पूर्ण काढूनच मोजमाप घ्या. हा पट्टा मुळातच फिका असतो, त्यामुळे १०० मायक्रोमोलरच्या आसपास प्रथिन लागतं. आणि लोहाला दोन्ही बाजूंनी हिस्टिडीन असेल तर हा पट्टा नसतोच, तो शोधत बसू नका.

रचना हाती आल्यावरही घाई सुटत नाही. एमटीआरसीसारख्या दहा हीमच्या जीवाणू-प्रथिनात लोह ते लोह अंतर मोजून त्याला, इलेक्ट्रॉन एका हीमवरून दुसऱ्यावर जाऊ शकण्याची, १४ अँगस्ट्रॉमची मर्यादा लावली जाते. ती मर्यादा हीमच्या कडा ते कडा अंतराची आहे. समांतर रचलेल्या शेजारच्या हीममध्ये लोह ते लोह सुमारे ९ ते १० अँगस्ट्रॉम असताना कडांमधलं अंतर ४ च्या आसपास असतं. इलेक्ट्रॉनच्या वेगाचा अंदाज चुकीच्या अंतरावर बांधला तर तो कित्येक पटींनी चुकतो, कारण अंतर वाढतं तसा वेग घातांकी पद्धतीने घटतो.

स्फटिक ‘ऑक्सिडाइज्ड’ होता म्हणून रचनाही तशीच, असं धरू नका. क्ष-किरणच हीमचं क्षपण करतात. मात्रा कमी ठेवा, डेटा अनेक स्फटिकांत वाटून घ्या आणि शक्य असेल तर बीमलाइनवरच स्फटिकाचा वर्णपट, किरण सोडण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा घ्या.