कमी वेगात थरथरणारी फोर-बाय-फोर: दोष शोधण्याची रीत

शेतरस्त्यावर किंवा घाटाच्या पायथ्याशी गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ओढू लागली की ताशी 10 ते 30 किलोमीटरच्या दरम्यान सीटखालून थरथर येते आणि ॲक्सिलरेटर सोडताच ती विरते, ही जुन्या फोर-बाय-फोर गाड्यांची नेहमीची तक्रार आहे. आपल्याकडे खानदेशात गॅरेजात ‘गाडी थरथरस’ एवढेच सांगितले, तर पहिला खर्च बहुधा व्हील बॅलन्सिंगवर होतो आणि तो वाया जातो. असंतुलनाचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तो दोष सहसा मोठ्या वेगात जाणवतो. कमी वेगात, आणि तेही ओढ पडतानाच, येणारी थरथर प्रोपेलर शाफ्टचा (ओढ ॲक्सलपर्यंत नेणाऱ्या फिरत्या दांड्याचा) कोन, त्याचे क्रॉस (टोकांचे वाकणारे सांधे), पाटे (ॲक्सलवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) किंवा फाउंडेशन (इंजिन-गिअरबॉक्सचे रबरी टेकू) यांपैकी कुठून तरी येत असते.

प्रथम गाडी खालून स्वच्छ धुवावी. यावल-रावेरकडच्या केळीच्या बागांतून फिरलेल्या गाडीच्या रिममध्ये आणि शाफ्टवर काळी माती वाळून दगडासारखी होते, आणि ती निघाल्याशिवाय खालचे काहीही नीट दिसत नाही. त्यानंतर फोर-बाय-फोरचा लिव्हर खरोखर टू-व्हीलवर आला आहे ना, हे पाहावे. पार्ट-टाइम व्यवस्थेची (पुढच्या चाकांची ओढ गरजेपुरती जोडायची) गाडी कोरड्या डांबरी रस्त्यावर चारही चाकांच्या ओढीत वळवली, तर पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये ताण साठून ती झटके देते, आणि तो बिघाड नव्हे.

आता सपाट, मोकळ्या रस्त्यावर तपासणी करावी. गाडी उभी असताना न्यूट्रलमध्ये इंजिनची गती वाढवूनही थरथर आली, तर इंजिन व गिअरबॉक्सचे फाउंडेशन बघावे. क्लच सुटत असतानाच येऊन पेडल पूर्ण सुटल्यावर थांबली, तर संशय क्लचवर. चालती गाडी न्यूट्रल केल्यावरही राहिली, तर चाके, बेअरिंग आणि टायर. केवळ ओढ पडताना आली, तर मात्र गाडीखाली जाण्याची वेळ झाली.

गाडीखाली जाण्यापूर्वी चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत आणि केवळ जॅकच्या भरवशावर राहू नये. मागचा शाफ्ट सोडला, की गाडी गिअरमध्ये घालूनही मागची चाके अडत नाहीत, आणि ज्या जुन्या गाड्यांत हँडब्रेक ट्रान्सफर केसवर (गिअरबॉक्सची ओढ पुढच्या-मागच्या ॲक्सलांकडे वाटणाऱ्या पेटीवर) असतो, त्यांत तोही निरुपयोगी होतो.

शाफ्ट दोन्ही हातांनी धरून वर-खाली आणि उलटसुलट हलवावा. क्रॉसमध्ये हाताला जाणवेल एवढी ढिलाई असेल, किंवा त्याच्या टोकांवरच्या टोपीभोवती लालसर कोरडी पूड दिसत असेल, तर आतल्या बेअरिंगच्या सुया पाण्याने गंजल्या आहेत असे समजावे. सातपुड्यातले नाले ओलांडून आल्यावर ग्रीस न भरणाऱ्यांच्या गाडीत हे हमखास आढळते. ग्रीसगन मारताना चारही टोप्यांतून जुने ग्रीस बाहेर आले पाहिजे. तिघींतूनच आले, तर चौथी कोरडी आहे आणि क्रॉस बदलणेच शहाणपणाचे. पाट्यांचे यू-बोल्ट ढिले असतील, तर ओढ पडताच ॲक्सल पिळून पिनियनचे (शाफ्टची ओढ ॲक्सलमध्ये घेणाऱ्या गिअरचे) तोंड वर उचलले जाते, म्हणून तेही पान्याने कसून पाहावेत.

याहूनही सहज नजरेतून सुटणारा दोष स्लिप जॉइंटमध्ये (शाफ्टचे दोन भाग एकमेकांत सरकतात त्या सांध्यात) असतो, हे मी स्वतःच्या पैशाने शिकलो. तोरणमाळला जाण्यापूर्वी मी एका गॅरेजात शाफ्ट ग्रीस करून घेतला, आणि शहाद्याच्या पुढे घाट सुरू होताच गाडी थरथरू लागली. परतल्यावर टायर बॅलन्स केले, फरक शून्य. अखेर चिंधीने शाफ्टवरचा चिखल पुसला, तेव्हा दोन्ही भागांवर जुळणीसाठी ठोकलेले बाण दिसले. ते समोरासमोर नव्हते. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुभंगी चिमटे) एका रेषेत नसतील, तर एका क्रॉसने निर्माण केलेली गतीची चढउतार दुसरा क्रॉस फेडू शकत नाही, आणि प्रत्येक फेरीत दोनदा धक्का बसतो. 235/75 आर 15 टायर आणि सुमारे 4 चे ॲक्सल गुणोत्तर धरले, तर ताशी 20 किलोमीटरला शाफ्ट सेकंदाला जवळपास 10 फेऱ्या घेतो, म्हणजे धक्के 20.

गाडी लांब शॅकल (पाट्याचे टोक चॅसिसला टांगणारी पट्टी) लावून उंच केली असेल, तर कोन मोजल्याशिवाय निदान पूर्ण होत नाही. गाडी सपाट जागी स्वतःच्या चाकांवर उभी हवी. जॅकवर लोंबकळणाऱ्या ॲक्सलचा कोन खोटा येतो. मोबाइलमधील कोनमापक ट्रान्सफर केसच्या फ्लँजला (शाफ्ट बोल्टने जोडतात त्या चकतीला) आणि पिनियनच्या फ्लँजला टेकवावा. प्रत्येक टोकाला एकच क्रॉस असलेल्या शाफ्टमध्ये ही दोन्ही टोके परस्परांना समांतर, साधारण एका अंशाच्या आत, असावी लागतात. फरक अधिक असेल, तर पाट्यांखाली योग्य मापाची पाचर बसवून पिनियन फिरवावा लागतो. ट्रान्सफर केसकडे दुहेरी क्रॉस असेल, तर हा नियम लागू नाही. तिथे पिनियनचे तोंड जवळपास शाफ्टच्याच रेषेत ठेवतात.

शाफ्ट कधीही सोडताना स्लिप जॉइंटच्या दोन्ही भागांवर आणि फ्लँजवर पांढऱ्या रंगाचा एकेक ठिपका आधी लावावा, मग बोल्टला पाना.