सरावानंतरचा पहिला तास

आमचा खो-खोचा सराव साडेपाचला सुरू होतो, सातला सुटतो. जूनमध्ये नवी पोरं आली की दिवाळीपर्यंत पालकांच्या दोनच तक्रारी: ‘सर, हा जेवतच नाही’ नाहीतर ‘सर, हा डबेच्या डबे फस्त करतो’. बऱ्याचदा दोन्ही एकाच पोराबद्दल असतात, फक्त घड्याळात तासाचा फरक.

धाप लागेपर्यंत पळालं की भूक जागवणारं घ्रेलिन हे संप्रेरक काही वेळ खाली जातं. म्हणून घरी आल्या आल्या ताट वाढू नका, पोर नकोच म्हणणार. आधी पाणी, मग आंघोळ. आठच्या सुमारास भूक उसळते आणि तेव्हा हाताशी जे असेल ते पोटात जातं. त्या वेळी भाकरी, मटकीची उसळ, एखादं अंडं, ताक तयार ठेवा. फरसाणाचा डबा वरच्या फळीवर. (पोहायला जाणाऱ्यांचं गणित निराळं. गार पाण्यातून बाहेर आलं की उलट जास्तच भूक लागते.)

खरा घोळ होतो मैदानाच्या फाटकाबाहेर, वडापावच्या गाडीवर. तिथं भूक नसतेच. ‘आज लय पळालो’ म्हणून खाल्लं जातं. पन्नास किलोचा पोरगा तासभर जीव तोडून पळाला तर साधारण 300 ते 350 कॅलरी जळतात. एका वडापावात 300 च्या आसपास परत येतात, आणि रात्रीचं जेवण आहेच. मी बंदी घातली नाही, शनिवार ठरवून दिला. शनिवारी मीही खातो.

रिकाम्या पोटी सराव मात्र नको. शाळेचा डबा साडेबाराला खाल्लेला असतो. पावणेपाचला एक केळं किंवा मूठभर शेंगदाणे-गूळ द्या. नाहीतर सूर मारताना डोळ्यांपुढं अंधारी येते.

वजनाच्या बाबतीत चूक माझीच झाली होती. दर शनिवारी सगळ्यांना रांगेत उभं करून काट्यावर चढवायचो. आठवीतली एक मुलगी शुक्रवारी रात्री जेवायची बंद झाली, तेव्हा काटा कपाटात गेला. या वयात काटा फसवतो. वाढीच्या भरात मुलगा वर्षात 8-9 सेंटिमीटर उंच होतो, स्नायू भरतात, मग वजन वाढणारच. जाड पोराचं वजन आहे तिथंच राहिलं आणि उंची वाढली, तरी मोठी कमाई. दाराच्या चौकटीवर उंचीची खूण करा, बेंबीपाशी टेपनं कंबर मोजा; तीन महिन्यांतून एकदा, चारचौघांत नव्हे.

जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयासाठी रोज सरासरी 60 मिनिटं हालचाल सांगते. आमच्याकडं तीनच दिवस सराव, म्हणून बाकीचे दिवस सायकल, दोरीवरच्या उड्या, पाणी भरणं, काहीही चालेल. सरावाहून आलं की झोपेपर्यंत मोबाइल घेऊन लोळणं तेवढं नको. आणि झोप किमान आठ तास. जागरणानं दुसऱ्या दिवशी खा-खा सुटते.

मुलीची पाळी दोन-तीन महिने चुकली किंवा पोर भराभर वाळायला लागलं, तर सराव थांबवून डॉक्टरांकडं न्या. स्पर्धा तोंडावर असली तरी.