फुटपाथवरच्या माणसाची चौकशी कशी करावी

आमच्या परळच्या सोसायटीत फुटपाथवर झोपणाऱ्यांचा विषय निघाला की निकाल तयारच असतो: ‘दारुडे, नाहीतर कामचोर.’ मी त्यांच्यात जाऊन बसते. ज्यांना खरंच कारण जाणून घ्यायचंय त्यांच्यासाठी हे.

रात्री नऊनंतर जा. सकाळी निम्मी माणसं नाक्यावर काम शोधायला गेलेली असतात (कामचोर!). रोजगाराजवळ राहावं लागतं म्हणून लोक फुटपाथ धरतात, हे १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केलंय. उभ्याने बोलू नका, खाली बसा. फोटो अजिबात नको.

‘इथे का राहता?’ असं विचारलंत की तुम्हाला बरं वाटेल असं ठरलेलं उत्तर मिळेल. त्यापेक्षा ‘याआधी कुठे राहायचात?’ विचारा आणि एकेक मुक्काम मागे जा. खोली कधी सुटली? भाडं का थकलं? तेव्हा काम काय करत होतात? टाटा हॉस्पिटलजवळच्या एका काकांनी उत्तर म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीतली फाइलच पुढे केली. बायकोच्या केमोचे कागद, आणि त्यातच गावच्या जमिनीच्या गहाणखताची झेरॉक्स, घडीवर फाटलेली. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळायची वाट बघत होते. येणारे-जाणारे त्यांच्यापुढे नाणी टाकत.

दारूबद्दल विचारायचंच असेल तर ‘कधीपासून?’ एवढंच विचारा. घर असताना की घर गेल्यावर? दोन्ही उत्तरं मिळतात. सोसायटीत मात्र पहिलंच पोचतं.

कुणी असंबद्ध बोलत असेल तर प्रश्न थांबवा, पोलिसांना कळवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला संरक्षण देणं त्यांचं कर्तव्य आहे. ‘वेड्याला घरचे थोडेच घेणार?’ म्हणणाऱ्यांना डॉ. भरत वाटवानींच्या कर्जतच्या ‘श्रद्धा’चं काम सांगा. रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून ते घरी पोचवतात.

शेवटी कागदांचं विचारा. पत्ता नाही म्हणून कागद नाहीत, कागद नाहीत म्हणून खोली नाही, या फेऱ्यात अनेकजण अडकलेले असतात. मतदार नोंदणी मात्र होते. फॉर्म ६ भरा, पत्त्याचा पुरावा लागत नाही; मतदान केंद्राचा अधिकारी रात्री येऊन माणूस तिथे खरंच झोपतो का ते बघतो. म्हणून जागा नेमकी लिहा, कुठल्या दुकानाच्या शटरसमोर, कुठल्या खांबाजवळ. आणि त्यांना बजावा, अधिकारी येऊन जाईपर्यंत जागा बदलू नका.